नवव्या प्रश्नाचं उत्तर

भूलबाईने आपल्या भावोजींवर सहा वर्षं डूख धरला होता, आणि तो तिने कुणापासून लपवला नव्हता. कुणी विषय काढलाच तर ती सरळ सांगायची, "एक दिवस उट्टं काढणार आहे. कसं, ते अजून ठरलं नाही." ऐकणारा हसायचा. ती हसायची नाही.

घोड्यांना भूल देणं हे तिचं काम. माणसाला भूल देणं सोपं, असं तिचं मत. माणूस टेबलावर आपणहून आडवा होतो आणि शुद्धीवर आला की पाणी मागतो. पाचशे किलोचा घोडा आडवा झाला की स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू चेंगरतात, फुप्फुसं दबतात. आणि शुद्ध येताच तो पळायला बघतो, पाय अजून लटपटत असताना. पुरती भूल दिलेल्या शंभर घोड्यांतला एखादा परत उठत नाही. हे ती प्रत्येक मालकाला तोंडावर सांगायची. मालक पांढरे पडायचे, पण घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांना तिचा हा रोखठोकपणा आवडायचा. भूलबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शहरातला जुना घोड्यांचा दवाखाना त्यांचा. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत. शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे भूलबाईही मान्य करायची. तिने धडे गिरवले ते त्यांच्याच हाताखाली. पण एक खोड होती. दारात येईल त्या घोड्याला ते सल्फाचं अँटिबायोटिक ठोकायचे. खुराला खरचटलं, सल्फा. सांधा सुजला, सल्फा. सुजेतलं पाणी काढून तपासायच्या आधीच औषध पोटात, मग तपासणीत जंतू सापडणार कुठून? जंतू सापडले नाहीत की मोठे डॉक्टर मान डोलवायचे, "बघ, माझ्या औषधाचा गुण. कव्हर असलेलं बरं." या कव्हरवरून दोघांची सतत जुंपायची. ती म्हणायची, "भावोजी, ही गोधडी आहे का, ऊठसूट पांघरायला?" ते हसून सोडून द्यायचे. धाकटी मेहुणी, बोलणारच.

मग काजळीचा दिवस आला.

काजळी ही काळीभोर घोडी, शर्यतीतून निवृत्त झालेली. पुढच्या खुराचा एमआरआय करायचा होता. खुराचं चित्र उभ्याउभ्या काढता येतं; पुरती भूल लागत नाही, नुसती गुंगी पुरते. भूलबाईने तोलूनमापून गुंगीचं औषध दिलं. घोडीची मान खाली आली, ओठ लोंबला, नाडी मंदावली. या औषधाने नाडी मंदावतेच, मधला एखादा ठोका चुकतोही. म्हणून तर कानाला नळी लावून जवळ उभं राहायचं असतं. घोडीच्या मानेवर तिच्या मोतद्दाराचा हात होता. तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले, हातात भरलेली सिरिंज.

"शांत आहे तोवर सल्फा देऊन टाकतो. टाचेवर जखम आहे."

"भावोजी, आत्ता नको," ती म्हणाली. "गुंगीत आहे. शिरेतून तर नकोच."

"काही होत नाही."

ती गप्प बसली. पुस्तकात लिहिलेलं तिला पाठ होतं: गुंगीत असलेल्या घोड्याच्या शिरेत सल्फा गेलं तर ठोक्यांची लय तुटू शकते, आणि एकदा तुटली की कुणाच्या बापाला सांधता येत नाही. पण समोर गुरू होता, वर बहिणीचा नवरा. दोन मिनिटं गेली नाहीत तोच काजळीचे चारही पाय एकदम मुडपले. मोतद्दार तिच्याखाली जाता जाता वाचला. खुराभोवतीचा यंत्राचा पाळणा वाकला. घोडी परत हलली नाही.

चौकशी झाली. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की सल्फा आदल्या दिवशी तोंडातून दिलं होतं, घोडी गेली ती गुंगीचा डोस चुकल्यामुळे. मोतद्दार सांगायला गेला, "साहेब, मी पाहिलंय, सुई मानेत घातली." त्याला विचारलं, तुझं शिक्षण किती? तिथेच त्याची साक्ष संपली.

भूलबाई भांडायला निघाली होती. पण तिच्या साक्षीच्या आदल्या दिवशी ताई आली, अकरा वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन, आणि पोरीला बाहेर बसवून तिने धाकट्या बहिणीचे पाय धरले. "माझं घर मोडेल गं. वर्षभराचा प्रश्न आहे. ते तुला परत घेणार आहेत, मला शब्द दिलाय त्यांनी." भूलबाईने ब्र काढला नाही. परवाना वर्षभरासाठी गेला. ते वर्ष तिने कुत्र्यामांजरांची नखं कापत काढलं. वर्ष संपलं तेव्हा भावोजींनी निरोप पाठवला: सध्या जागा नाही. आणि डॉक्टरांच्या बैठकीत कुणी तिचं नाव काढलं की ते खाली मान घालून म्हणायचे, "गुणी पोरगी. पण हात थरथरतो."

हा हाताचा शेरा तिच्या कानावर आला त्या दिवसापासून तिने ताईच्या घरी जाणं सोडलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला घोड्यांच्या तपासणीचं नवं केंद्र निघालं. मोठं यंत्र, मऊ भिंतींची खोली, आडव्या घोड्याला उचलायची क्रेन. तिथे तिला काम मिळालं आणि चार वर्षांत ती भूल विभागाची प्रमुख झाली. काजळीच्या मोतद्दारालाही तिने तिथे लावून घेतलं. आल्या आल्या तिने एक केलं: चौदा प्रश्नांचा कागद छापला. घोडा कधीपासून उपाशी आहे, तोंड धुतलं का, नाल काढले का, असे प्रश्न. सगळे भरून घोड्याच्या डॉक्टरची सही झाल्याशिवाय ती सुईचं टोपणही काढायची नाही. नववा प्रश्न असा: गेल्या चोवीस तासांत कोणतं अँटिबायोटिक दिलं? कोणतं, किती वाजता, शिरेतून की तोंडातून? पाच वर्षांत एकही घोडा अशा कारणाने गेला नव्हता.

आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला केंद्राच्या फाटकातून घोड्यांची गाडी आत आली. पुढच्या सीटवरून मोठे डॉक्टर उतरले. मागून त्यांची लेक. ती आता सतरा वर्षांची, मावशीएवढीच उंच. गाडीतला तांबडा घोडा तिचा. त्याचं नाव भुंगा.

"मागचा गुडघा," भावोजी म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "दोन महिने लंगडतोय. गुडघा उभ्याउभ्या दिसत नाही, मोठ्या यंत्रातच घालावा लागेल. दुसरीकडे यंत्र असतं तर आलो नसतो."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि कागद पुढे केला.

पोरगी भुंग्याच्या मानेला बिलगून उभी होती. तिने मावशीकडे पाहिलं आणि मान फिरवली. मावशीच्या चुकीने काजळी मेली, हेच तिला घरात कळलेलं.

मोठ्या डॉक्टरांनी कागद उभ्याउभ्याच भरला, गाडीच्या बॉनेटवर. नवव्या प्रश्नापुढे लिहिलं: नाही. खाली फर्राटेदार सही.

भूलबाई घोड्याजवळ गेली. हृदय ऐकलं, हिरड्या पाहिल्या, मानेवरून हात फिरवला. डाव्या बाजूला, शिरेच्या बरोबर वर, केसांत वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका होता. मोहरीएवढा.

"हे काय?"

"सकाळी रक्त काढलं तपासायला."

"रिपोर्ट?"

"यायचाय अजून."

त्या माणसाला ती पुरती ओळखत होती. सुजलेला गुडघा, घरचा घोडा, गाडीचा प्रवास, आणि कव्हर दिलं नसेल? कागदावर मात्र 'हो' लिहायची सोय नव्हती. हो लिहिलं तर भूलबाई विचारणार, मग काय बिघडतं? आणि काजळी सल्फाने गेली नाही, हेच तर मोठे डॉक्टर सहा वर्षं सांगत आले होते.

ती औषधाच्या खोलीत गेली. गुंगीची सिरिंज भरून तबकात ठेवलेली होतीच. ती तिने उचलली आणि तशीच उभी राहिली.

कागद तिच्या बाजूने होता. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं होतं, सही होती. तिने आता सुई दिली आणि घोडा कोसळला, तर जगातली कुठलीही चौकशी तिला दोष देऊ शकत नव्हती. घोडा त्याचा, सही त्याची, खोटं त्याचं. लेकीसमोर पडला असता. सहा वर्षं तिने जे मनात घोळवलं होतं ते आयतं तबकात वाढून आलं होतं. तिने नंतर मोतद्दाराला सांगितलं, "काका, मी दहा पावलं टाकली होती दाराकडे. दहा. मोजली."

अकराव्या पावलावर भुंगा फुरफुरला. भूलबाई मागे फिरली, सिरिंज कपाटात ठेवली, कुलूप घातलं. दुसरी तशीच सिरिंज घेतली आणि तिच्यात नुसतं मिठाचं पाणी भरलं. मग मोतद्दाराला हाक मारून ती बाहेर आली.

"भावोजी," ती म्हणाली, "माझा हात थरथरतो म्हणे. गुंगीचं इंजेक्शन तुम्हीच द्या."

त्यांनी सिरिंजकडे पाहिलं. "मी? इथली भूल तू देतेस ना?"

"घोडा घरचा आहे. तुमचा हात हलका. घ्या." तिने सिरिंज त्यांच्या तळहातावर ठेवली. "शिरेतून. कागदावर सगळं ठीक आहे, तुम्हीच लिहिलंय."

"द्या ना बाबा," पोरगी म्हणाली. "तुम्ही दिलंत तर तो घाबरणार नाही."

मोठे डॉक्टर घोड्याच्या मानेपाशी गेले. अंगठ्याने शीर दाबली. शीर फुगून वर आली. सुई केसांना टेकली आणि तिथेच थांबली. भूलबाई फक्त बघत होती, आणि तिला त्या क्षणी जे सुख होत होतं ते तिने कुणापाशीही नाकारलं नसतं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. नोव्हेंबरची थंडी होती.

"काय झालं?" पोरीने विचारलं.

"आज नको," ते म्हणाले.

"का नको?" भूलबाई म्हणाली. "काही होत नाही."

हे तीन शब्द कुठले ते त्यांना कळलं. मोतद्दारालाही कळलं. मोठ्या डॉक्टरांनी हात खाली घेतला. तोंडात मारल्यासारखे ते उभे होते.

"सकाळी सल्फा दिलंय," ते म्हणाले. "साडेसातला."

"शिरेतून?"

"हो."

"मग यावर गुंगी दिली तर?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. हिला नाही."

पोरगी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. शेवटी त्यांनीच सांगितलं, घोड्याकडे बघत. "हृदय बंद पडू शकतं."

"मग कागदावर 'नाही' का लिहिलंत?" पोरीचा आवाज चढला. "मी सकाळी तिथेच होते. तुम्ही म्हणालात व्हिटॅमिन आहे!"

"हिच्यासमोर..." एवढंच म्हणून ते थांबले.

"हिच्यासमोर हो म्हटलं असतं तर काजळी कशाने मेली तेही सांगावं लागलं असतं," भूलबाईने वाक्य पुरं केलं. "म्हणून आज लेकीच्या घोड्याचा जीव पणाला लावलात. सिरिंजमध्ये मिठाचं पाणी आहे, भावोजी. माझा हात थरथरत नाही."

मोतद्दार पुढे आला. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. आताही चढवला नाही. "पोरी, मी होतो तिथं. तुझ्या मावशीनं नको म्हटलं होतं. यांनी तरी दिलं. मी सांगायला गेलो तर मला माझी इयत्ता विचारली."

"तीस माणसं कामाला होती दवाखान्यात," मोठे डॉक्टर म्हणाले. "माझं नाव गेलं असतं तर सगळं गेलं असतं."

"नाव गेलंच ना. माझं गेलं." तिने कागद उलटा करून बॉनेटवर ठेवला. "पुढे आजचं दुरुस्त करा. मागे काजळीचं लिहा. नाहीतर घोडा परत न्या."

लंगड्या घोड्याला असं ओलीस धरणं कुठल्याही नियमात बसत नव्हतं. तिला ते माहीत होतं. उद्या तिच्यावर कुणी बोट ठेवलं असतं तर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या घडीला तिने नियमाची पर्वा केली नाही, आणि नंतरही कधी केली असं सांगितलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी गाडीच्या किल्ल्या खिशात चाचपल्या.

"लिहा, बाबा," पोरगी म्हणाली.

त्यांनी लिहिलं. अक्षर डॉक्टरचं, पण दोन ओळी स्वच्छ वाचता येत होत्या. घोडी गुंगीत असताना मी स्वतः शिरेतून सल्फा दिलं. डोस चुकला नव्हता.

भुंगा दोन दिवस केंद्रातच राहिला. औषध अंगातून उतरू दिलं, गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. जंतू नव्हतेच. सल्फाची गरजच नव्हती. पोरगी तिथेच थांबली, घोड्याच्या शेजारच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशी ताई आली. पाच वर्षांनी बहिणी समोरासमोर आल्या त्या औषधाच्या खोलीत, दोघींच्या मध्ये स्टीलचं टेबल.

"तो कागद पशुवैद्यक परिषदेकडे पाठवू नकोस," ताई म्हणाली. बसलीही नाही.

"सकाळीच पाठवला."

"तुला माझी काहीच पर्वा नाही?"

"होती. तेव्हा तू पाय धरलेस आणि मी माझं तोंड शिवून घेतलं. तुला शब्द दिला होता ना त्यांनी? काय झालं त्या शब्दाचं? एकदा तरी विचारलंस घरात?"

ताई म्हणाली, "लेक बापाशी बोलत नाही. बरं वाटलं तुला?"

"हो," भूलबाई म्हणाली.

ताईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिने पर्स उचलली आणि गेली. भूलबाईने खिडकीतून तिला फाटकापर्यंत जाताना पाहिलं. ताईची चाल आता त्यांच्या आईसारखी झाली होती, डाव्या पायावर किंचित भार देणारी. हाक मारावीशी वाटली. तिने मारली नाही.

तिसऱ्या दिवशी भुंग्याला पुरती भूल दिली. क्रेनने उचलून यंत्रात घातला, सव्वा तास चित्रं काढली. गुडघ्याच्या हाडात लहानशी पोकळी निघाली. विश्रांतीने आणि एका छोट्या शस्त्रक्रियेने बरं होण्यासारखं दुखणं. मग मऊ भिंतींच्या खोलीत त्याला आडवा ठेवला, डोक्याला एक दोर, शेपटीला एक दोर, दोन्ही भिंतीतल्या कड्यांतून बाहेर. डोक्याचा दोर मोतद्दाराच्या हातात, शेपटीचा भूलबाईच्या. खोलीतला दिवा मंद केला, कुणी बोलायचं नाही. पोरगी दाराच्या फटीतून बघत होती.

"मावशी," ती कुजबुजली, "काजळीच्या वेळी तू त्यांचा हात का नाही धरलास?"

भूलबाईने दोर सैल पडू दिला नाही. हा प्रश्न चौकशीत कुणी विचारला नव्हता. "एकदा नको म्हटलं," ती म्हणाली. "ते तुझे बाबा होते. माझे सर होते. दुसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही."

पोरीने माफ केलं की नाही, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. भुंग्याने कान हलवला, पुढचे पाय पसरले, एकदा धडपडला, आणि दोन्ही दोरांच्या आधाराने उभा राहिला.

परिषदेने निकाल द्यायला सात महिने घेतले. भूलबाईच्या नावापुढचा शेरा पुसला गेला. मोठ्या डॉक्टरांचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. आणि परत मिळण्याआधी भूलसुरक्षेचं सहा आठवड्यांचं शिक्षण मान्यताप्राप्त केंद्रात घ्यावं, असा आदेश निघाला. मान्यताप्राप्त केंद्र त्या भागात एकच होतं.

त्यांचा अर्ज भूलबाईच्या टेबलावर आला. नाकारायचा अधिकार तिला होता. सहकारी म्हणाले, नकार दे, कशाला रोज ते तोंड बघतेस? तिने त्याच दिवशी मंजूर केला.

लोक सांगतात, सूड घेतला तरी मनाला शांती मिळत नाही. भूलबाईला मिळाली. ती चार घास जास्त जेवायला लागली, कुशीवर वळली की झोप लागायला लागली. ताईचा फोन आला नाही, ते दुखत होतं. पण ते दुखणं वेगळं, हे वेगळं; तिने दोन्हींची सरमिसळ केली नाही.

पहिल्या दिवशी सकाळी आठला मोठे डॉक्टर केंद्रात आले. अंगात शिकाऊ लोकांचा हिरवा कोट, खिशाला साधं पेन. भूलबाईने त्यांच्या हातात चौदा प्रश्नांचा कागद दिला आणि मोतद्दाराकडे बोट दाखवलं. "घोडा त्यांच्या ताब्यात आहे. एकेक प्रश्न त्यांना विचारायचा, ते सांगतील ते लिहायचं. शेवटी सही त्यांची घ्यायची. त्यांची सही नसेल तर घोडा आत येत नाही."

मोठे डॉक्टर घोड्यापाशी जाऊन उभे राहिले. घसा खाकरला. पहिला प्रश्न पुटपुटल्यासारखा वाचला.

मोतद्दाराने घोड्याचा लगाम या हातातून त्या हातात घेतला. त्याला उत्तम ऐकू यायचं. तीन तबेले पलीकडचा खोकलेला घोडा तो ओळखायचा.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मोठ्यानं वाचा. मला ऐकू आलं नाही."